लिंडी हार्प आपल्याला परवडत नाही

आधीच सांगून टाकतो, म्हणजे म्हाताऱ्याने उगाच झुलवत ठेवलं असं मागाहून कोणी म्हणायला नको. १९६५ साली सगळ्या इंग्लंडभर रेडिओवर सकाळ-संध्याकाळ जे गाणं वाजत होतं, 'पुढची बस', ते लिंडी हार्पने गायलेलं नाही. लिंडी हार्पचा फक्त चेहरा होता. आवाज उत्तर इंग्लंडातल्या आमच्या बर्नली गावच्या नोरीन ॲस्पडनचा. ही गोष्ट मी पुष्कळांना सांगून पाहिली. माझ्याखेरीज ती खरी मानणारी एकच, नोरीनची बहीण ईडी. आणि ईडीला आता सकाळी काय खाल्लं तेही आठवत नाही.

मी वॉल्टर ग्रिम्शॉ. दिवसा घरोघरी जाऊन गॅसचे मीटर वाचायचो, आणि एकतीस वर्षं आमच्या विणकरांच्या क्लबात कार्यक्रमांचा सेक्रेटरी होतो. स्टेजवर कोणी उभं राहायचं, किती वेळ राहायचं आणि बिंगो, म्हणजे आकड्यांचा जुगार, सुरू करायला खाली कधी उतरायचं, हे मी ठरवायचो. गाणं रंगात आलेलं असो नाहीतर कोणी स्टेजवर मरायला टेकलेलं असो, बिंगोची वेळ म्हणजे बिंगोची वेळ. कलाकार लोकांना आवडला नाही तर मध्यंतरात मागच्या खोलीत जाऊन "कोट चढवा, निघा" एवढं सांगायचं कामही माझंच. चांगले बाप्ये माझ्यासमोर रडलेत. मी रडलो नाही. तोंडाळ माणूस मी, आणि त्या तोंडाचा मला भारी अभिमान होता.

नोरीनला मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. दिवसभर गिरणीत आईच्या शेजारच्या मागावर उभी राहायची आणि शनिवारी आमच्याकडे गायची. अंगाने रुंद, हात लाल, चालणं गड्यासारखं. एकविसाव्या वाढदिवसाला घरच्यांनी तिचे सगळे दात काढून कवळी बसवून दिली. तेव्हा आमच्याकडे मुलीला हीच भेट देत, पुढे नवऱ्याच्या डोक्याला दाताचा ताप नको म्हणून. नवरा काही झाला नाही, कवळी मात्र राहिली. पण गायला लागली की सगळं विसरायला व्हायचं. आवाज तसा साधा, फार उंच जाणारा नव्हे. फक्त प्रत्येक ओळीच्या शेवटी तो किंचित आत ओढला जायचा. रडू आवरून माणूस पुन्हा बोलायला लागतं ना, तसा. बिअरचे ग्लास हवेत तसेच राहायचे. बिंगोला उशीर झालेला आमच्या क्लबात एकदाच, तिच्यामुळे, आणि कमिटीने मला त्याबद्दल झापलं होतं.

मला ती आवडायची. आता या वयात लपवून काय करू. आणि आवडणाऱ्या माणसाला टोचून बोलायचं ही आमच्या गावची रीत. गोड बोललो असतो तर तिला वाटलं असतं, याला ताप आलाय.

पासष्टच्या उन्हाळ्यात समुद्रकाठच्या ब्लॅकपूलला तिचं गाणं रेकॉर्ड कंपनीच्या, तपकिरी सूटवाल्या एका माणसाने ऐकलं आणि तिला लंडनला बोलावलं. तिथे एका तळघरात तिने तीन तास ते गाणं गायलं. तिला सांगितलं होतं, हा नुसता नमुना आहे, एक नावाजलेली बाई तो ऐकून गाणं बसवणार आहे. पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावणं आलं. नमुनाच इतका चांगला उतरला होता की त्यांना तोच विकायचा होता. पण टीव्हीवर उभं करायला हा चेहरा नको, असं त्या माणसाने तिच्या तोंडावर सांगितलं. एक एकोणीस वर्षांची, हरिणीसारख्या पायांची पोरगी त्यांनी आधीच शोधून ठेवली होती. नोरीनने कोणालाही काही सांगायचं नाही, तशी सही करायची, आणि नववर्षानंतर तिची स्वतःची रेकॉर्ड काढायची, तिच्या नावाने, तिच्या फोटोसकट. तिने सही केली. स्वतःच्या रेकॉर्डसाठी ती काहीही करायला तयार होती.

फेब्रुवारीत दोन गाणी गाऊन घेतली. ती रेकॉर्ड कधी आली नाही. सध्या विचार नाही, असं दोन ओळींचं पत्र आलं. एव्हाना 'पुढची बस' देशात दुसऱ्या नंबरवर होतं.

हे सगळं मला एकवीस वर्षांनी कळलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की पोरगी लंडनला जाऊन आली आणि तोंड पाडून पुन्हा मागावर उभी राहिली. मी म्हटलं, घ्या, झालं स्वप्न बघून.

एक गोष्ट तिने मला पुढे सांगितली ती इथेच सांगतो. त्या हिवाळ्यात एका गुरुवारी ईडीच्या घरी सगळे टीव्हीसमोर बसले होते. लिंडी हार्प आली, गाणं सुरू झालं. नोरीनची आई म्हणजे चाळीस वर्षं मागावर काढलेली बाई. गिरणीच्या खडखडाटात शेजारणीचंही ऐकू येत नाही, म्हणून आमच्याकडच्या विणकर बाया आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलतात. मीमॉ म्हणतात त्याला. शेडच्या एका टोकाची बाई दुसऱ्या टोकाच्या बाईच्या सुनेची निंदा अशी बिनआवाजी करायची, आणि मधल्या साठ जणींना सगळं कळायचं. तर म्हातारी दोन मिनिटं त्या पोरीच्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ही बया गात नाहीये."

"काय गं आई, समोर गातेय ना," ईडी म्हणाली.

"ओठ गाण्याच्या मागून पोचतायत. मला शिकवू नकोस. गाणारी दुसरीच कोणीतरी आहे." मग म्हणाली, "कोण बिचारी आहे देव जाणे. पण जीव ओतून गातेय गं."

नोरीन चहा करायला आत गेली. किटली भरून शेगडीवर ठेवली आणि गॅस पेटवायला विसरून तशीच उभी राहिली. दुसऱ्या वर्षी आई गेली. सांगायचं राहून गेलं.

आता माझी करणी ऐका. गाणं गाजायला लागल्यावर क्लबात जो तो तेच मागायचा. एका शनिवारी मी मागच्या खोलीत गेलो.

"नोरीन, लोकांना 'पुढची बस' हवंय."

"मला नाही येत ते, वॉल्ट."

"गल्लीतली शेंबडी पोरं शिट्टीवर वाजवतायत आणि तुला येत नाही?"

"दुसरं काहीही सांग. वाटलं तर भजनं गाते."

"भजनं ऐकायला लोक बिअर पीत नाहीत. त्यांना हवंय ते गा, नाहीतर पुढच्या आठवड्यापासून मंगळवारी गा, रिकाम्या खुर्च्यांसमोर."

ती गायली. पण कसं? वाण्याची यादी वाचावी तसं. सूर खाली घेतला, ओळीच्या शेवटी जे काही व्हायचं ते साफ गायब. लोकांनी टाळ्या वाजवल्या, नाही असं नाही. पण बारजवळ मी माझ्या कानांनी ऐकलं, "बरं गाते, पण रेकॉर्डची सर नाही." खाली उतरल्यावर मी तिला काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं, मेल्यावरही आठवेल.

"ती लिंडी बघ ओळीच्या शेवटी गळा कसा आवळते. तुझ्याकडे होतं गं हे पूर्वी. कुठे सांडलंस?"

ती कोटाची बटणं लावत होती. म्हणाली, "लंडनला सांडलं असेल."

मी हसलो. मला वाटलं, पोरीला विनोद जमायला लागला.

ती मुद्दाम तसं गात होती. ओळीच्या शेवटी तो आवाज आत ओढला गेला असता तर आपण ओळखले जाऊ, शब्द मोडला जाईल, ही भीती. आणि एका गाण्यात लपवून चालणार नव्हतं. कुठल्याही गाण्यात तो आवाज निघाला तरी कोणाच्या तरी डोक्यात आलं असतं, अरे ही तर तीच. म्हणून तिने प्रत्येक गाण्यातून तो काढून टाकला. जो तिचा होता तेवढाच नेमका. मग उरली चारचौघींसारखी एक गाणारी बाई. आणि मी, ज्याने पाच वर्षं दर शनिवारी तिला ऐकलं होतं, मी रेडिओवर तोच आवाज ऐकून म्हणत होतो, वा, काय पोरगी आहे ही लिंडी हार्प. चेहरा समोर दाखवला की कान बंद. गाढव मी, दुसरं काय.

वर आणखी गंमत म्हणून मी तिला स्टेजवर बोलावताना एक वाक्य शोधून काढलं: "मंडळी, लिंडी हार्प आपल्याला परवडत नाही, म्हणून ही आपली नोरीन." पहिल्यांदा म्हटलं तेव्हा छप्पर उडेल इतकं हसले. मग काय, दर खेपेला तेच. मी 'लिंडी हार्प' एवढं म्हणायचो आणि पुढचं सगळा हॉल एका सुरात म्हणायचा. एकवीस वर्षं. नोरीन पडद्याआडून यायची, किंचित हसायची, माइक हातात घ्यायची. एकदाही म्हणाली नाही की वॉल्ट, आता पुरे कर.

हळूहळू तिला मी शनिवारवरून रविवार दुपारवर आणलं, रविवारवरून मंगळवारवर. गिरणी बंद पडली तेव्हा ती शाळेच्या स्वयंपाकघरात लागली, तीनशे पोरांचे बटाटे सोलायला. लिंडी हार्पचं पुढे एकही गाणं चाललं नाही. कसं चालणार? पण तिचं ते एक गाणं दर नाताळात कुठे ना कुठे वाजायचंच. सहकारी दुकानात बटर घेताना नोरीनला स्वतःचा आवाज ऐकू यायचा आणि ती रांगेत गप्प उभी राहायची. शेजारची बाई गुणगुणायची. एकदा गल्ल्यावरची मुलगी तिला म्हणाली, "जुनी गाणी ती जुनी गाणी, नाही?" नोरीन म्हणाली, "हो ना."

शहाऐंशीच्या शरदात तिचा आवाज बसला. सर्दी म्हणून दोन महिने काढले. मग तपासण्या झाल्या आणि घशातला आवाजाचा सगळा भागच काढावा लागेल असं निघालं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी द्राक्षं घेऊन दवाखान्यात गेलो. ईडी तिथे बसली होती. नोरीनने तिला आईचं बायबल आणायला लावलं होतं आणि त्यातला एक घडी घातलेला कागद उशाशी ठेवला होता.

"बस, वॉल्ट," ती म्हणाली. आवाज खरखरीत झाला होता. "उद्या आवाजच जाणार. ज्याच्याबद्दल शब्द दिला तेच राहणार नाही, तर मग आज सांगितलं तर चालेल असं मी ठरवलंय."

आणि तिने सांगितलं. तळघर, तपकिरी सूट, सही, टीव्हीसमोरची आई, सगळं. ईडी तोंडावर हात धरून बसली. खरं सांगायचं तर माझा विश्वास बसला नव्हता. मला वाटलं औषधांचा अंमल आहे. तिने ते माझ्या तोंडावर वाचलं. विणकराची पोर ती, तिच्यापासून चेहरा लपतो होय?

ती उशीला टेकली आणि गायला लागली. चारच ओळी, अगदी हळू, पत्र्यावर नखाने ओढावं तशा खरखरीत. पण ओळ संपताना आवाज आत ओढला गेला. दुसरी ओळ, पुन्हा. माझ्या हातातल्या द्राक्षांची पिशवी मी इतकी आवळली की रस बाहेर आला.

पडद्यापलीकडच्या खाटेवरून एक बाई म्हणाली, "बाई गं, तो रेडिओ जरा मोठा करतेस? माझं आवडतं गाणं आहे."

नोरीन हसली. माझ्या देखत मनापासून हसली. मला मात्र उठून बाहेर व्हरांड्यात जावं लागलं.

परत आलो तेव्हा तिला झोप लागली होती. ईडीने तो कागद माझ्या हातात दिला. म्हणाली, "तू बघ, मला त्यातलं काही कळत नाही." पुढच्या बाजूला नोरीनची गोल, शाळकरी सही. कागदावर गाण्याचं नाव नव्हतं, नुसता कसलातरी नंबर. मी कागद उलटला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात आणखी तीन कलमं होती, आणि दुसऱ्या कलमात लिहिलं होतं की गुप्ततेची ही अट सहीच्या तारखेपासून तीन वर्षं लागू राहील.

तीन वर्षं. म्हणजे अडुसष्टच्या शरदात ती मोकळी झाली होती.

तुम्ही म्हणाल, कागद उलटून बघायला काय झालं होतं. अहो, आमची माणसं तशी आहेत. त्या माणसाने तोंडाने सांगितलं होतं, कोणाला सांगायचं नाही. तिने मान हलवली होती. तिच्या हिशेबी करार तिथेच झाला, कागद ही नुसती खूण. सही केलेला कागद घरी आला की तो बायबलमध्ये जायचा आणि बायबल कपाटात. आमच्याकडे असले कागद जपतात, वाचत नाहीत. बरं, एखाद्या वकिलाला दाखवावा, तर दाखवणं म्हणजेच सांगणं. सांगायचं नाही असा कागद, मग त्यात काय आहे ते विचारायचं तरी कोणाला? म्हणून ती एकवीस वर्षं त्या कागदाला घाबरून राहिली, आणि त्यातली अठरा वर्षं कोणीही तिचं काहीही वाकडं करू शकत नव्हतं.

तिला हे सांगावं की नाही यावर माझं आणि ईडीचं महिनाभर भांडण चाललं. ईडी म्हणायची, "मेलेल्या सापाला घाबरत होतीस असं सांगून तिला काय मिळणार आहे?" पण माझ्या पोटात काही राहत नाही. ती घरी आल्यावर एका सकाळी मी तो कागद उलटा करून तिच्यासमोर टेबलावर ठेवला.

तिने वाचलं. परत पहिल्यापासून वाचलं. गळ्याभोवती रुमाल होता, त्याखाली श्वास घ्यायचं भोक. बोलायचं यंत्र दिलं होतं, पण त्याची माशीसारखी गुणगुण तिला सहन होईना, म्हणून ती ओठांनीच बोलायची. माझी आईही विणकर, त्यामुळे मला ते वाचता यायचं.

"मग मी कोणासाठी गप्प बसले?" ती म्हणाली.

ती रडली, आणि आवाज नसलेलं रडणं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बघवत नाही हो ते. नुसते खांदे हलतात, आणि रुमालाखालून वाऱ्यासारखं काहीतरी येतं.

शांत झाल्यावर तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "वॉल्ट, मला काही नको. फक्त एकदा आपल्या लोकांना कळू दे. मी मरायच्या आत, मी समोर बसलेली असताना. एकदा कोणीतरी म्हणू दे की नोरीन, ती तू होतीस."

"मी सांगतो," मी म्हणालो. "मी नाही सांगणार तर कोण सांगणार?"

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी आमच्या क्लबात कलाकारांची बाजारपेठ असायची. आजूबाजूच्या चौदा क्लबांचे सेक्रेटरी डायऱ्या घेऊन पुढच्या टेबलांवर बसत, कलाकार एकेक करून दहा-दहा मिनिटं काहीतरी करून दाखवत, आणि आवडला तर तिथल्या तिथे वर्षाच्या तारखा लिहून घेत. मागे आमचे सभासद, त्यांच्या बायका, चिप्स आणि वाटाण्यांच्या ताटल्या. हॉल गच्च भरलेला. सगळ्यांना एकाच वेळी सांगायला याहून बरी जागा मला सुचली नाही. नोरीन निळा झगा घालून, गळ्याला निळाच रुमाल बांधून स्टेजच्या कडेला खुर्चीवर बसली. तिच्या आजाराची लोकांना कल्पना होती. तिला बघून टाळ्या पडल्या, मायेच्या.

जादूगार झाला, दोन बहिणी झाल्या, एक विनोदवीर झाला. मग मी माइक घेतला.

"मंडळी, आज मला तुम्हाला एक गोष्ट सांगायचीय. लिंडी हार्प..."

"आपल्याला परवडत नाही," सगळा हॉल एका सुरात म्हणाला.

ते होणारच होतं आणि मला मूर्खाला ते सुचलंच नव्हतं. हशा ओसरेपर्यंत थांबलो. म्हटलं, "चेष्टा नाही. 'पुढची बस' लिंडी हार्पने गायलेलं नाही. ते या नोरीनने गायलंय."

"म्हणजे आपल्याला परवडली म्हणायची," मागून कोणीतरी ओरडलं. मग काय विचारता. लोक टेबलं बडवायला लागले. इतक्या वर्षांनी वॉल्टरने जुन्या विनोदाला नवं शेपूट लावलं म्हणून खूश झाले. मी सांगतोय, अरे खरं बोलतोय मी, आणि ते आणखी हसतायत. मी चिडलो. मी चिडलो की लोकांना हसू येतं, हीच तर माझी तीस वर्षांची कमाई. खिशातून कागद काढून हलवला. "कागदपण आणलाय बघा," कोणीतरी म्हणालं आणि एक बाई हसता हसता खुर्चीवरून घसरली.

त्यांचा काय दोष? एकवीस वर्षं मीच त्यांना शिकवलं होतं या नावाला कधी हसायचं ते. मी नोरीनकडे बघायला धजत नव्हतो.

तिनेच माझी बाही ओढली. उठून उभी राहिली होती. ओठांनी म्हणाली, "लाव."

रेकॉर्ड मी बरोबर आणली होती, खरं सांगून झाल्यावर वाजवायला. लावली. नोरीन माइकसमोर गेली आणि सूर सुरू होताच गायला लागली. आवाज रेकॉर्डमधून येत होता, ओठ तिचे. पण जीभ कुठे टेकते, हनुवटी कुठे खाली येते, सगळं तंतोतंत. आणि श्वास. रेकॉर्डमध्ये चोवीस वर्षांची नोरीन जिथे श्वास घेते, नेमका तिथेच शेहेचाळीस वर्षांच्या नोरीनचा रुमाल आत ओढला जायचा. ओळीच्या शेवटी तो आवाज आवळला गेला की हिच्या मानेची शीर ताठ व्हायची. मी बाजूला उभा राहून बघत होतो आणि मला दुसरं काहीही दिसत नव्हतं.

गाणं संपलं आणि हॉल उभा राहिला. खरंच सांगतो, आमच्या क्लबात कोणासाठीही लोक असे उभे राहिलेले मी पाहिले नव्हते. शिट्ट्या, पाय आपटणं, "वा गं नोरीन". पहिल्या रांगेतली एक जुनी विणकर बाई डोळे पुसत शेजारणीला म्हणाली, "काय हुबेहूब नक्कल करते. ओठ कुठे म्हणून चुकले नाहीत."

नोरीनने ते तिच्या ओठांवरून वाचलं. मी तिला वाचताना पाहिलं.

पॅडिहमच्या क्लबाचा सेक्रेटरी, अर्नल्ड टॅटरसॉल, डायरी उघडून स्टेजपाशी आला. भला माणूस, मनाने वाईट अजिबात नाही. म्हणाला, "वॉल्टर, भारी आयटम काढलास रे. नकला करणारे पुष्कळ बघितले, पण आवाज गेलेल्या बाईने असं करायचं म्हणजे कमाल आहे. ईस्टरनंतरचा शनिवार रिकामा आहे का तिचा?"

मी त्याला मारायलाच निघालो होतो. नोरीनने माझा हात धरला.

"हो सांग त्याला," ती म्हणाली.

"नोरीन, अगं ते तुला नकलाकार समजतायत."

"समजू देत."

"पण कोणी म्हणालं नाही ना की ती तू होतीस. एवढंच तर तुला हवं होतं."

"नाही म्हणाले," ती म्हणाली. "पण वॉल्ट, मी ते आज पहिल्यांदा नीट गायले. आपल्या लोकांसमोर. आता नको थांबवूस मला."

अर्नल्डला मी तारीख दिली. त्याच्यामागे आणखी आठ जण रांगेत उभे होते. गाणारी म्हणून मी तिला मंगळवारच्या रिकाम्या खुर्च्यांपर्यंत खाली आणलं होतं, आणि आता शनिवारच्या तारखा द्यायला नऊ क्लब भांडत होते.

त्या वर्षी मीच माझ्या गाडीतून तिला सगळीकडे नेलं. पॅडिहम, नेल्सन, कोल्न, टॉडमर्डन. तिने मला एक अट घातली होती. कार्यक्रमात पुन्हा ती गोष्ट सांगायची नाही, कागद दाखवायचा नाही, लिंडी हार्पचं नाव घ्यायचं नाही. माइकवर फक्त चार शब्द बोलायचे. पुढच्या फेब्रुवारीत ती गेली. शेवटचा कार्यक्रम त्याआधी तीन आठवडे बेकपला झाला, खुर्चीवर बसून.

ते चार शब्द मी दर ठिकाणी म्हणायचो. "नोरीन ॲस्पडन गाणार आहे." लोकांना तिचा आवाज गेल्याचं ठाऊक असायचं, गळ्याचा रुमाल दिसायचा, आणि 'गाणार' ऐकून ते हसायचे. त्यांचं हसणं संपेपर्यंत मी थांबायचो आणि मग रेकॉर्ड लावायचो.